जुना खेळाडू ठेवायचा की सोडायचा? – सातवीच्या वर्गात निघालेला एक प्रश्न



मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात भाषेच्या तासाला मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. "संघ हरतोय. नव्याने संघ बांधायचा आहे. एक जुना, नावाजलेला, पण वय झालेला खेळाडू म्हणतोय, मला अजून एक वर्ष घ्या. त्याला ठेवायचं की सोडायचं?" मुलांना दोन बाजू करून बोलायला सांगितलं. मत मांडणे, कारण देणे, समोरच्याचं ऐकून घेणे, एवढाच हेतू होता.

एक पोरगा लगेच उठला. "सर, म्हातारा बैल कुणी बाजारातून इकत आणतं का?" वर्ग हसला. त्याला टाळ्या पण पडल्या. मला वाटलं, झालं, वाद संपला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी विचारल्याशिवाय बोलत नाही, ती म्हणाली, "पण सर, नवा गोऱ्हा शिकवायचा असला की त्याला जुन्याच्याच जोडीला जुंपतेत ना."

वर्ग गप्प झाला. मीही गप्पच झालो. कारण हा प्रश्न मी मुलांसाठी लिहिला होता खरा, पण तो माझ्याच डोक्यात दोन वर्षांपासून ठाण मांडून बसलेला आहे. तो का, ते पुढे सांगतो. आधी खेळातलं उदाहरण बघू. हा प्रश्न जगभर फुटबॉलच्या क्लबांना दरवर्षी पडतो. पण आपल्याकडे तो सगळ्यात ठळकपणे पडला कबड्डीत, आणि तोही मुंबईच्या संघाला.

यू मुंबा आणि अनुपकुमार

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा आपल्या गावागावात काय वातावरण होतं ते आठवा. ज्या खेळाला "मातीतला खेळ" म्हणून बाजूला ठेवलं होतं तो टीव्हीवर, रंगीत मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात दिसायला लागला. त्या पहिल्या हंगामात यू मुंबाचा कर्णधार होता अनुपकुमार. हरियाणातल्या गुडगावजवळच्या पालरा गावचा. पण महाराष्ट्रातल्या पोरांनी त्याला आपलाच मानला. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक १५५ गुण त्याचे होते. संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. दुसऱ्या वर्षी, २०१५ ला, बंगळुरूला ३६-३० ने हरवून यू मुंबा विजेता झाला. तिसऱ्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी, तिथे पाटण्याकडून हार. म्हणजे सलग तीन हंगाम अंतिम सामना, आणि तिन्ही वेळा कर्णधार एकच.

त्याची खासियत म्हणजे बोनस. समोर सहा किंवा सात बचावपटू उभे असताना चढाईपटूने बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकवायचा आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवायचा, की एक गुण मिळतो. यात अंगात जोर लागतो त्यापेक्षा नजर जास्त लागते. समोरचा कोणत्या पायावर उभा आहे, कोपरा कधी सरकणार, हे वाचावं लागतं. अनुप घाई करायचा नाही, ओरडायचा नाही. संघ मागे असला तरी चेहऱ्यावर तेच. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून हरला. तरी पुढे इराणला ३८-२९ ने हरवून चषक घेतला. तिथेही कर्णधार तोच.

पण त्याच काळात यू मुंबाची घसरण सुरू झाली होती. चौथ्या हंगामात संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीच्या बाहेर राहिला. २०१७ च्या पाचव्या हंगामाआधी मोठा लिलाव झाला. जुन्या संघांना फक्त एकेक खेळाडू राखून ठेवायची मुभा होती. यू मुंबाने कुणाला राखलं? अनुपला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. कबड्डीच्या चढाईपटूसाठी हे वय थोडं नाही. गुडघे, घोटे, खांदे, सगळ्यांनी हिशोब मागायला सुरुवात केलेली असते. त्या हंगामात संघ बाद फेरीत पोचलाच नाही.

२०१८ ला यू मुंबाने कुणालाच राखलं नाही. पाटी कोरी केली. लिलावात इराणचा बचावपटू फझल अत्राचली याला १ कोटीला घेतलं आणि कर्णधार केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतला. अनुपवर जयपूरने ३० लाखांची बोली लावली. तो तिकडे गेला, तिथेही कर्णधार झाला, आणि त्याच हंगामात, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता सांगा, यू मुंबाचं चुकलं की बरोबर होतं?

सोडायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू कमजोर नाही. उलट आकड्यांनी भक्कम आहे. सिद्धार्थ देसाईचा प्रो कबड्डीतला तो पहिलाच हंगाम. त्याने चढाईचे २०० हून जास्त गुण मिळवले. संघ बाद फेरीत पोचला. अनुप कर्णधार म्हणून असता तर पहिल्या चढाया त्याच्याच वाट्याला गेल्या असत्या, आणि चंदगडचा पोरगा राखीव बाकावर टाळ्या वाजवत बसला असता, असं कुणी म्हटलं तर ते खोटं ठरवता येत नाही.

याहून मोठा मुद्दा आहे रिशांक देवाडिगाचा. मुंबईचा पोरगा. पहिले चार हंगाम तो अनुपच्याच संघात खेळला. पाचव्या हंगामात एकच जागा होती आणि ती अनुपला गेली. रिशांक यूपी योद्धाकडे गेला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, तेही ११ वर्षांनी. त्यानंतरच्या लिलावात त्याची बोली १ कोटी ११ लाखांवर गेली. आणि गंमत बघा, सहाव्या हंगामात यू मुंबाला बाद फेरीत ज्या संघाने ३४-२९ ने घरी पाठवलं तो संघ होता यूपी योद्धा. त्या हंगामात यूपीचा कर्णधार होता रिशांक.

जुना खेळाडू ठेवण्याचा खर्च त्याला दिलेल्या पैशात मोजायचा नसतो. तो खर्च मोजायचा असतो दाराबाहेर गेलेल्या पोरात. हे वाक्य मुलांना समजावून सांगताना मला जास्त कष्ट पडले नाहीत. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी असा माणूस असतो की ज्याला संधी मिळायच्या वेळी खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं.

ठेवायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांची बाजू

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीची बाजू. आणि इथे मी तुम्हाला फुटबॉलकडे नेतो.

इटलीतला एसी मिलान हा मोठा क्लब. पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याची अवस्था वाईट होती. अटलांटाकडून ५-० असा मार खाल्ला होता. संघ कोवळा, पोरं घाबरलेली. त्या पराभवानंतर आठवड्याच्या आत क्लबने झ्लाटान इब्राहिमोविचला परत बोलावलं. वय ३८. बऱ्याच जणांनी डोक्याला हात लावला. पण मिलानने करार कसा केला ते बघा. सुरुवातीला फक्त सहा महिन्यांचा. जमलं तर पुढे. मग एकेक वर्षाने वाढवत नेला. त्याने गोल केलेच, पण सरावात पोरांना शिस्त लावली. राफाएल लेआओसारखा तरुण खेळाडू त्याच्या शेजारी वाढला. मे २०२२ मध्ये मिलानने ११ वर्षांनी इटलीचं विजेतेपद घेतलं. त्या वर्षी इब्राहिमोविच बराच काळ दुखापतीने बाहेर होता, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला लेआओ. म्हणजे गोऱ्हा तयार झाला होता.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. विजेतेपदानंतर त्याला आणखी एक वर्ष दिलं. त्या वर्षी तो जेमतेम काही सामने खेळला आणि जून २०२३ मध्ये निवृत्त झाला. चांगला निर्णयसुद्धा एक वर्ष जास्त ओढला की त्यातला रस निघून जातो.

आणि जिथे मागे कुणी तयारच होत नाही तिथे काय होतं, ते बघायला आपल्याला इटलीला जायची गरज नाही. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. नावावर ९४ गोल. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं, कारण गोल करणारं दुसरं कुणी सापडेना. आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्याने गोल केलाही. पण त्याच ऑक्टोबरमध्ये गोव्यात, मडगावला, सिंगापूरने भारताला हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. यात छेत्रीचा दोष काय? बिचारा बोलावलं म्हणून आला. दोष आहे तो वीस वर्षं एकाच खांद्यावर ओझं ठेवून दुसरा खांदा तयार न करणाऱ्यांचा.

क्रिकेट बघणाऱ्या पालकांना धोनीचं उदाहरण जवळचं वाटेल. २०२५ साठी चेन्नईने त्याला ४ कोटींत राखलं. म्हणजे पैशाच्या हिशोबाने स्वस्तात. कर्णधार आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड. तो जखमी झाला तर कर्णधारपद परत धोनीकडेच आलं. संघ तळाला, दहावा राहिला. आणि ऋतुराजच्या जागी बदली म्हणून आलेल्या विरारच्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळुरूविरुद्ध ९४ धावा ठोकल्या. ज्याला घ्यायचं कुणाच्या पहिल्या यादीत नव्हतं, तोच हंगामातली गोड आठवण ठरला.

मोसंबीची बाग

आमच्या जालना जिल्ह्यात हे सगळं समजून घ्यायला फुटबॉलही लागत नाही आणि क्रिकेटही लागत नाही. मोसंबीच्या बागेत या.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या कित्येक बागा वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी घालून झाडं जगवायचा प्रयत्न केला. काही जगली, बरीच गेली. त्यानंतर ज्यांनी पुन्हा बाग उभी केली त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. जुनी, खंगलेली झाडं काढायची का ठेवायची? नवीन रोप लावलं की फळ हाताला लागायला चार-पाच वर्षं जातात. तोपर्यंत घर कशावर चालवायचं? आणि जुनी झाडं ठेवायची म्हटलं तर पाणी ती पिणार, रोपाला काय उरणार?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला एकदा सांगितलं होतं, "गुरुजी, समदी बाग एका दिवशी तोडली तो बी फसला, आन एक बी झाड तोडलं नाही तो बी फसला." त्यांनी ओळीओळीने झाडं काढली. जी झाडं अजून फळ देत होती ती दोन-तीन हंगाम ठेवली. पण पाण्याची पहिली पाळी मात्र रोपांची. हे महत्त्वाचं आहे. जुनं झाड ठेवलं, पण पहिलं पाणी त्याला नाही.

संघबांधणीबद्दल मी इतकं वाचलं, ऐकलं, पण याच्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही.

आता माझी गोष्ट

हा प्रश्न डोक्यात का बसला ते सांगतो म्हणालो होतो.

आमच्या गावात कबड्डीचं एक मंडळ आहे. मी डी.एड.ला असल्यापासून त्यात खेळायचो. आता खेळत नाही, पण संघ निवडताना मला बोलावतात. मास्तर म्हणून मान आहे एवढंच. आमच्या संघाचा कणा म्हणजे माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. आज त्याची चाळिशी उलटली आहे. पंधरा वर्षं त्याने गावाला ढाली आणून दिल्या. रात्रीच्या सामन्याला स्वतःच्या पैशाने जीप करून पोरं नेली. त्याचे उपकार कसे फिटणार?

मधल्या काळात संघ मोडला. चार-पाच चांगली पोरं कामाला वाळूजला, पुण्याला गेली. नवा संघ बांधायची वेळ आली. दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या स्पर्धेसाठी सात जण निवडायचे होते. सहा नावं झाली. सातवी जागा उरली. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांचा एक पोरगा. तो माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेला. उजव्या बाजूने चढाई करायचा, पाय असा लांब जायचा की बघत राहावं. वर्षभर रोज संध्याकाळी सरावाला आलेला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दादाचं नाव घेतलं.

का घेतलं? खेळाचा विचार करून नाही. मला दादाचा चेहरा बघवला नसता म्हणून. घरी काकू काय म्हणतील, भावकीत काय बोलतील, हेही मनात होतंच. मी त्या पोराला म्हणालो, "तुझं वय आहे रे अजून, पुढच्या वर्षी बघू." तो "बरं सर" म्हणाला. तीन सामने तो मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली धरून उभा राहिला. आम्ही तिसऱ्या सामन्यात हरलो. दादाच्या शेवटच्या चढाईत त्याचा पाय मुरगळला. त्याला उचलून आणणाऱ्या दोघांपैकी एक तोच पोरगा होता.

दिवाळीनंतर तो सरावाला यायचा बंद झाला. वाळूजला कंपनीत लागला. एकदा बसस्टँडवर भेटला. नीट बोलला, पाया पडला. मी विचारलं, "खेळतोस का तिकडं?" तर म्हणाला, "नाही सर, सुटलं आता." तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि पुढची गोष्ट तर आणखी अवघड आहे. यंदा दादाच मला म्हणाला, "त्या वर्षी तू माझं नाव घ्यायला नको होतंस. मला वाटत होतं कुणीतरी नाही म्हणेल. मला स्वतःला म्हणवत नव्हतं." बघा. मी ज्याचं मन राखायला गेलो त्याचंही राखलं गेलं नाही.

मग माझं मत काय?

दोन वर्षं विचार करून मी चार प्रश्नांवर आलोय. कुठल्याही जुन्या खेळाडूला ठेवायचं का, हे ठरवताना हे चार प्रश्न विचारावेत.

पहिला, त्याच्याकडून नेमकं काम काय घ्यायचं आहे? "त्याचं नाव मोठं आहे" हे काम नाही. शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवून चढाई करणे, हे काम आहे. नव्या पोरांना बोनस शिकवणे, हेही काम आहे.

दुसरा, त्याच्यामागे रांगेत कोण उभं आहे? कुणी नसेल तर ठेवा, पण त्याच वर्षी रांग लावा. कुणी असेल तर पहिलं पाणी रोपाला.

तिसरा, किती दिवसांसाठी? एका हंगामासाठी. मग पुन्हा बसून ठरवायचं. मिलानचं बरोबर होतं ते इथेच, आणि शेवटी चुकलं तेही इथेच.

चौथा, आणि हाच सगळ्यात अवघड, त्याला स्वतःला काय हवं आहे आणि तो खुर्ची सोडायला तयार आहे का? की त्याला फक्त कुणी विचारलेलंच नाही?

या चार प्रश्नांवर यू मुंबाला तोलून बघितलं तर माझं उत्तर असं येतं. २०१७ ला एकच जागा होती तेव्हा ती अनुपला देणं चुकलं. ती भावनेची निवड होती. मी माझ्या गावात केली तशीच. आणि २०१८ ला त्याला पूर्ण जाऊ देणं, तेही मला पटत नाही. कर्णधार म्हणून नको, पहिला चढाईपटू म्हणूनही नको. पण ३० लाखांत तो लिलावात होता. सिद्धार्थच्या शेजारी दुसऱ्या-तिसऱ्या चढाईला, एका हंगामापुरता, मी त्याला घेतला असता. त्याने ते मान्य केलं असतं का, हा प्रश्न राहतोच. कर्णधारपद भोगलेल्या माणसाला मागच्या ओळीत उभं राहणं सोपं नसतं.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं झाल्यावर बोलताय. खरं आहे. पण पुढे काय झालं तेही बघा. निवृत्तीनंतर २०१९ ला अनुप प्रशिक्षक झाला. कुणाचा? पुणेरी पलटणचा. मुंबईच्या शेजारच्या, मुंबईशीच टक्कर असणाऱ्या संघाचा. त्याच्याच हाताखाली आठव्या हंगामात अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार हा नवखा पोरगा पलटणकडून खेळायला लागला. मार्च २०२४ मध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं तेव्हा कर्णधार होता अस्लम. तोपर्यंत प्रशिक्षक बी. सी. रमेश होते, त्यामुळे सगळं श्रेय अनुपला देणं चूक ठरेल. पण जुना बैल नव्या गोऱ्ह्याशेजारी जुंपला गेला होता, एवढं नक्की. फक्त शेत दुसऱ्याचं होतं.

आपल्या शाळेत, आपल्या घरात

तुम्ही म्हणाल, शिक्षकाने कबड्डीवर एवढं का लिहावं? लिहितोय, कारण हीच चूक आपण रोज वर्गात करतो.

स्नेहसंमेलनात निवेदन कोण करणार? तीच मुलगी. पंधरा ऑगस्टला भाषण कोणाचं? तिचंच. केंद्रप्रमुख साहेब आले की वाचून कोण दाखवणार? तीच. कारण ती चुकत नाही आणि आपली मान खाली जात नाही. ती आपल्या वर्गाची अनुपकुमार आहे. आणि बाकीची पोरं? सात वर्षं पाण्याची बाटली धरून कडेला उभी. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य आपण किती मुलांना म्हटलंय, एकदा मोजून बघा. मी मोजलं. मला लाज वाटली.

म्हणून मी आता त्या हुशार मुलीला कार्यक्रमातून काढत नाही. तिला सांगतो, यंदा तू अमुक दोघांना तयार करायचं. ती पहिल्यांदा रुसली. मग तिला त्यात गोडी लागली. ज्या दिवशी तिने तयार केलेला मुलगा न अडखळता बोलला त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या.

दुसरीकडे, आपल्या शाळांमधून दरवर्षी जुने गुरुजी, बाई निवृत्त होतात. पहिलीच्या मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर कसं गिरवून घ्यायचं, रडणारं पोर पहिल्या दिवशी कसं रमवायचं, हे त्यांना जे येतं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. आपण त्यांना शाल, श्रीफळ देतो, भाषणं करतो आणि दार लावून घेतो. त्यांचं शेवटचं वर्ष आपण नव्या शिक्षकाच्या शेजारी बसण्यात का घालवत नाही?

पालकांनो, तुमच्या घरातही बघा. शेतीचा व्यवहार, बँकेचं काम, सगळं अजून आजोबांच्याच हातात आहे का? किंवा उलट, आजोबांना कुणी काही विचारतच नाही असं तर झालं नाही ना? दोन्हीत नुकसान मुलांचंच आहे.

वर्गात घ्यायचा असेल तर

शिक्षकांनी हा विषय पाचवी ते आठवीला जरूर घ्यावा. माझा अनुभव सांगतो. आधी मुलांना खेळाडूचं नाव सांगू नका. नाव सांगितलं की मुलं नावावर मत देतात. फक्त वय, कामगिरी, आणि रांगेत उभ्या असलेल्या पोराची माहिती द्या. दोन गट करा. दहा मिनिटांनी गट बदला, म्हणजे "ठेवा" म्हणणाऱ्यांनी आता "सोडा" म्हणायचं. इथे खरी मजा येते. शेवटी प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या. "मी संघमालक असतो तर" असं नको. "मी तो राखीव पोरगा असतो तर" किंवा "मी तो जुना खेळाडू असतो तर" असं लिहायला सांगा.

माझ्या वर्गात बैलाचं उदाहरण देणाऱ्या त्या पोराने जुन्या खेळाडूच्या बाजूने लिहिलं. त्याने लिहिलं होतं की, मला काढायचं असेल तर काढा, पण मला आधी सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मी ती वही दादाला दाखवली. त्याने दोनदा वाचली आणि काही न बोलता परत दिली.

यंदा आमचा संघ गणपतीत उतरला तेव्हा पहिल्या सातांत दादा नव्हता. तो कडेला होता, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधत. आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. म्हणजे मागच्यापेक्षाही लवकर. पण सातांपैकी पाच पोरं वीस वर्षांच्या आतली होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातही जण सरावाला हजर होते. दादाही होता.

वाळूजच्या त्या पोराला मी फोन केला आहे. दिवाळीला गावी येतो म्हणालाय. "मैदानावर ये" एवढंच म्हणालो. बघू.

तुमच्या शाळेत, तुमच्या गावात असा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते मला नक्की सांगा.